मदत हवी आहे: बाबांचे बंद पेटीचे स्पीकर ठेवू की पोर्टवाले घेऊ? रविवारपर्यंत ठरवायचंय (इंदूर)

रामबागी | शुक्रवार, रात्री ११:४२

घरात सध्या स्पीकरच्या दोन जोड्या आहेत. एक बाबांची, बंद पेटीची, जुनी. दुसरी पोर्टवाली, म्हणजे पेटीला हवा ये-जा करायला भोक असलेली, जमिनीवर उभी राहणारी, मित्राकडून ऐकायला आणलीय. रविवारी संध्याकाळी त्याला पैसे द्यायचे, नाहीतर स्पीकर परत करायचे. अँपला ए आणि बी अशी बटणं आहेत, ती दाबून आलटून पालटून ऐकतोय. पहिल्या दिवशी पोर्टवाले जबरदस्त वाटले, बाबांचे अगदी मरगळलेले. काल अमीर खाँसाहेबांचा विलंबित झूमरा लावला तर पोर्टवाल्यांवर डग्गा नुसता घूं घूं करत राहिला, मात्रा सरली तरी घुमणं सरेना. आज पुन्हा तेच बरे वाटतायत. तीन रात्री याच्यात गेल्या. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय, थोडी जुनी गाणी. कोणते चांगले, तेवढं सांगा.

जेलरोडवाला | ११:५८

पोर्टवालेच घ्या भाऊ. बंद पेटी जुन्या जमान्याची गोष्ट झाली. आणि केबल कोणती आहे? साधी वायर असेल तर आधी ती बदला, चांगली तांब्याची घ्या, मग फरक बघा.

सोल्डरगन | शनिवार, सकाळी ७:१५

केबलचं नंतर बघू. रामबागी, खोली केवढी? स्पीकर भिंतीपासून किती लांब? तुम्ही कुठे बसता? बटण बदलताना आवाजाचा नॉब तिथेच ठेवता का? दोन्हींच्या मागच्या पट्टीवर डीबी (डेसिबल, म्हणजे तेवढ्याच विजेवर स्पीकर किती मोठा वाजतो ते) लिहिलेलं असेल, तो आकडा काय? यातलं काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे आत्ता कोणीही सांगितलं तरी तो अंदाजच.

रामबागी | ८:०५

खोली १० बाय १२, छतही १० फूट. खाली टाइल्स. दिवाणावर बसतो, दिवाण मागच्या भिंतीला टेकून आहे. पोर्टवाले समोरच्या भिंतीपासून वीतभर, पोर्ट मागच्या बाजूला. बाबांचे स्टूलांवर, त्यांच्या शेजारी. नॉब अर्थातच तिथेच ठेवतो, नाहीतर तुलना कशी होणार? बाबांच्यांवर ८५ डीबी आहे, पोर्टवाल्यांवर ९०.

सोल्डरगन | ८:३१

नॉब तिथेच ठेवता म्हणूनच तुलना होत नाहीये. ५ डीबी म्हणजे बाबांच्या स्पीकरना तेवढाच आवाज काढायला तिपटीहून जास्त वॉट लागतात. मोठा आवाज कानाला नेहमी जास्त भरलेला, जास्त मोकळा वाटतो, आणि हे सगळ्यांचंच होतं. तुम्ही स्पीकर नाही, आवाजाची पातळी ऐकताय.

पिंक नॉइज (मोजणीसाठीचा सलग खरखराट) लावा, पण ५०० ते २००० हर्ट्झमधलाच, म्हणजे बास आकड्यात घुसणार नाही. तुमचं डोकं असतं तिथे मोबाइल उशीवर ठेवा आणि आवाज मोजणाऱ्या अॅपवर दोन्ही जोड्या अर्ध्या डीबीच्या आत जुळवा. मोबाइलचा माइक अचूक नसतो, पण तोच फोन त्याच जागी असेल तर फरक बरोबर दाखवतो. नॉबवर दोन खुणा करा.

काळी४ | ९:१०

आकड्यांनी गाणं कळत नाही. मी गाते, घरी तीस वर्षं तंबोरा लागतोय. खर्जाची तार छेडल्यावर जवारीतून (घोडीवरच्या झंकारातून) गंधार वर येतो, तो ज्या स्पीकरवर ऐकू येईल तो घ्यायचा. त्याला अॅप कशाला हवं? आणि पाच मिनिटांत बटणं दाबून तर काहीच कळत नाही. एक जोडी आठ दिवस लावून ठेवा. कान दमतो की नाही ते तेव्हा समजतं.

सोल्डरगन | ९:२४

ताई, तंबोऱ्याची कसोटी उत्तमच आहे. पण त्याच तंबोऱ्याचा आवाज एकीकडे ५ डीबी जास्त असेल तर गंधार तिकडेच आधी ऐकू येणार. दोन तंबोरे शेजारी ठेवून एक जोरात छेडायचा आणि एक हळू, असं तुम्ही कराल का?

काळी४ | ९:४०

नाही करणार. हे पटलं. आठ दिवसांचं मात्र मी सोडत नाही.

फळ्या_आणि_रंधा | १०:०२

मुळात पेटी हवीच कशाला? ८ इंची फुलरेंज (खालचे-वरचे सगळे सूर एकटाच वाजवणारा स्पीकर) घ्या, प्लायच्या फळीला भोक पाडून बसवा, मागची बाजू उघडी. पेटीचा ठोकळेबाजपणाच नाही. १९५७ साली क्वाड कंपनीचे इलेक्ट्रोस्टॅटिक (पातळ पडदा हलवून वाजणारे) स्पीकर आले त्यांनाही पेटी नव्हती, आजही लोक ते जपून ठेवतात. मी दोन जोड्या केल्यात, कुणाला मापं हवी असतील तर देतो.

रामबागी | १०:०६

दादा, उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे, आणि घरात दोनच जोड्या आहेत.

जुनीतबकडी | १०:४८

जेलरोडवाले, बंद पेटी जुनी आणि पोर्ट नवा हे उलटं आहे. बास रिफ्लेक्सचं, म्हणजे पोर्टवाल्या पेटीचं, पेटंट बेल लॅब्जच्या आल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये मिळालं. एडगर विलचर यांची बंद पेटीतल्या हवेची स्प्रिंग करणारी रचना १९५४ ची. म्हणजे आज ज्याला आपण बंद पेटीचा स्पीकर म्हणतो, तोच धाकटा.

पोर्टमधली हवा एका ठरावीक सुराला डोलते आणि वूफरला (बास वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याला) हात देते, म्हणून तिथवर बास भरपूर. त्याच्या खाली गेलात की आवाज सप्तकाला साधारण २४ डीबीने कोसळतो, बंद पेटीत १२ डीबीने. डग्ग्याचं घुमणं उशिरा विझतं त्यात पोर्टचा थोडा वाटा असतो, पण तुमच्याकडे मला खोलीवरच जास्त संशय आहे.

सोल्डरगन | ११:१७

बरोबर. १२ फुटांच्या लांबीत खोली स्वतःच घुमते तो पहिला सूर ४७ हर्ट्झच्या आसपास येतो, १० फुटांना ५६ च्या. तुमची रुंदीही १० आणि छतही १०, म्हणजे ५६ दोनदा. त्यात दिवाण भिंतीला टेकलेला, आणि बास भिंतीपाशीच सगळ्यात जास्त साठतो. दिवाण तीन फूट पुढे घ्या. पोर्टवाले भिंतीपासून दोन फूट तरी सोडा, जमत नसेल तर पोर्टमध्ये मोज्याची गुंडाळी घाला. टाइल्सवर सतरंजी किंवा जाड गोधडी अंथरा. आणि दोन्ही जोड्या एकाच जागी ठेवून ऐका, शेजारी शेजारी नाही. फरशीवर खडूने खुणा करा.

जेलरोडवाला | ११:२९

एवढं सगळं करण्यापेक्षा सबवूफर घ्या ना, नुसत्या बासचा वेगळा स्पीकर.

सुदामानगर_अ | दुपारी १:२०

बाबांचे स्पीकर किती वर्षांचे? वूफरची कड फोमची असेल तर वीसेक वर्षांत तिचा चुरा होतो. बोट लावून बघा. आणि मध्ये कधी उघडले होते का?

रामबागी | १:५५

कड रबराची आहे, मऊ आहे. गेल्या वर्षी एक वूफर बंद पडला होता, दुरुस्त करून आणला. तेव्हापासून ते दबलेलेच वाटतात, मला वाटलं वय झालं.

सुदामानगर_अ | २:०३

हे आधी सांगायचं! दीड व्होल्टचा सेल घ्या. स्पीकरच्या वायरी अँपपासून सोडवा. सेलचं अधिक टोक लाल खिट्टीला, उणं काळीला, क्षणभरच टेकवा. वूफर बाहेर उडी मारायला हवा. दोन्ही स्पीकर तपासा.

रामबागी | ३:१०

सेल लावला. डावा टक् करून बाहेर आला. उजवा टक् करून आत गेला. तीनदा केलं, तीनही वेळा आत. स्क्रू काढून आत पाहिलं तर वूफरच्या लाल ठिपक्याच्या पत्रीवर काळी वायर डाखलेली. वर्षभर एक वूफर ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता, आणि मी बाबांच्या स्पीकरना म्हातारं म्हणत होतो.

सोल्डरगन | ३:१८

म्हणूनच बास गायब होता, एकाने उचललेला दुसऱ्याने खाल्ला. वायरी बदला आणि मग सगळं पहिल्यापासून.

काळी४ | ३:२५

गाणाऱ्याचा आवाज मधोमध येतो का, ते आधी ऐका.

रामबागी | रविवार, दुपारी १२:४०

काल रात्री सगळं केलं. डाख बदलला, दिवाण पुढे घेतला, आजीची गोधडी फरशीवर, खडूच्या खुणा, अॅपवर दोन्ही जोड्या ७२ डीबीला. मी डोळ्यांवर उपरणं बांधून बसलो आणि बहिणीने जोड्या हलवल्या. प्रत्येक वेळी चार-पाच मिनिटं जायची, त्यामुळे सहाच फेऱ्या झाल्या.

जुन्या गाण्यांत मी तीनदा वेगवेगळं सांगितलं, म्हणजे मला फरक कळत नाही. पखवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये पोर्टवाले खाली जास्त जातात, ते खरंच छान वाटतं. पण खाँसाहेब मंद्रात उतरतात तिथे दोन्हीकडे काही कमी पडत नाही, आणि बाबांच्या जोडीवर डग्ग्याचा बोल संपला की संपतो, मागे तंबोरा स्वच्छ उरतो. आवाज बरोबर मधोमध. आई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हे बाबांचे लागलेत ना?" तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पोर्टवाले पाच वाजता परत देतोय. काळी४ ताईंचे आठ दिवस उद्यापासून सुरू.

जेलरोडवाला | १:३०

माझ्या होम थिएटरचा सबवूफरही दबलेला वाटतो. त्याला हा सेल लावून बघू का?

सोल्डरगन | १:३४

नका लावू. त्याच्या आत बहुतेक स्वतःचा अँप असतो. त्याला मागे फेजचं (पडदा आधी बाहेर की आत, ते उलटवणारं) बटण असेल, ते ० आणि १८० असं फिरवून बसायच्या जागेवरून ऐका. सुटा ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) असेल तर त्यालाही सेल लावू नका. आणि सब कोपऱ्यात ठेवलाय का?

जेलरोडवाला | १:४१

हो, कपाटामागे.