उत्तर: डिझेल फिल्टर बदलल्यावर गाडी सुरू होत नाही

सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली म्हणता, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरलीय. आता सेल्फ मारू नका, तो जळेल. फिल्टरच्या डोक्यावर हातपंप असेल तर शेजारचा एअर स्क्रू थोडा सैल करा, खाली फडकं धरा आणि पंप दाबत राहा. आधी फसफसत बुडबुडे येतील. सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा, पंप कडक होईपर्यंत दाबा. हातपंप नसेल पण टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल, तर चावी चार-पाच वेळा नुसती ऑन-ऑफ करा. तरीही हवा येत राहिली तर फिल्टरच्या वॉटर सेन्सरची (डिझेलमधलं पाणी ओळखणारा सेन्सर) ओ-रिंग, म्हणजे रबरी रिंग बघा. जुनीच बसवलीत का? बऱ्याचदा हवा तिथूनही ओढली जाते.