'बीइंग अँड टाइम' तिसऱ्यांदा अडलंय, कुठून शिरायचं?

गोदाकाठ: आम्ही चौघं दर रविवारी नाशिकच्या कॉलेज रोडला बसून जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरचं 'बीइंग अँड टाइम' वाचतोय. दोनदा प्रस्तावनेतच दमलो, आता ही तिसरी खेप. तिघांकडे मॅक्वारी-रॉबिन्सनचं १९६२ चं भाषांतर आहे, एकाकडे स्टॅमबॉचं, त्यामुळे पानंही जुळत नाहीत. एका बैठकीत किती वाचावं? आणि त्यात सारखा येणारा 'डाझाइन' हा शब्द, म्हणजे माणूसच ना? मग तसं सरळ का म्हणत नाहीत?

जुनी_पेठ: पानांचं आधी. दोन्ही भाषांतरांत समासात बारीक आकडे आहेत, ते मूळ जर्मन आवृत्तीचे पृष्ठांक. 'समास ६६ काढा' म्हटलं की चौघं एकाच जागी येतात. बैठकीला समासाची सहा-सात पानं पुष्कळ झाली.

प्रस्तावनेत, म्हणजे कलम १ ते ८ मध्ये, दमायला होतं याचं कारण साधं आहे. तिथे आख्ख्या ग्रंथाचा आराखडा मांडलाय आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग कधी आलाच नाही. ठरले होते दोन भाग, प्रत्येकात तीन विभाग. १९२७ मध्ये आले पहिल्या भागातले फक्त दोन. तेव्हा प्रस्तावनेत वर्दी दिलेली प्रत्येक गोष्ट पुढे शोधत बसू नका. कलम २ आणि ४ नीट वाचा, ७ वरून नजर फिरवा, मग ९, १२ आणि तिथून १५ ते १८. देकार्त या तत्त्वज्ञावरची १९ ते २१ पहिल्या फेरीत सोडली तरी चालतील. पुढे २५ ते २७, २९ ते ३१, ४० आणि ४१. एवढं पचलं की दुसरा विभाग, कलम ४५ पासून.

डाझाइनला 'माणूस' म्हटलं की डोक्यात प्राण्यांची एक जात येते, नाहीतर देह अधिक मन. हायडेगरला तेच टाळायचंय. ज्याला स्वतःचं असणं हाच प्रश्न असतो, तो डाझाइन. मराठीत 'आत्मा' तर अजिबात नको, सगळा वेदान्त आत शिरतो. शब्द तसाच ठेवा. 'अस्तित्व'सुद्धा जपून वापरा: दगड आहे, पण हायडेगरच्या अर्थाने त्याला अस्तित्व नाही. तो शब्द त्याने फक्त डाझाइनसाठी राखलाय.

छाटणी_ऑक्टोबर: कलम १५ ते १८ हायडेगरच्या हातोड्याच्या उदाहरणावर वाचण्यापेक्षा सिकेटरवर, म्हणजे छाटणीच्या कात्रीवर वाचा, नाशिककरांना लवकर उमजेल. द्राक्षबागांत गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालू आहे. मजुराचं लक्ष कात्रीवर नसतं, काडीवर असतं, कितव्या डोळ्यावर, म्हणजे काडीवरच्या कोंबाच्या जागेवर, कापायचं यावर असतं. कात्री हातात असून नसल्यासारखी. हे 'हाताशी असणं'. ती काडीकडे बोट दाखवते, काडी डोळ्याकडे, डोळा घडाकडे, घड व्यापाऱ्याकडे, आणि शेवटी सगळं येऊन थांबतं कुणाच्या तरी जगण्यापाशी. या जाळ्याला तो 'जग' म्हणतो. पृथ्वी नव्हे, वस्तूंची बेरीज तर नव्हेच.

आता कात्रीची स्प्रिंग निसटली. तीच कात्री एकदम डोळ्यांत भरते: नुसतं लोखंड. कलम १६ मध्ये याचे तीन प्रकार आहेत आणि बहुतेक जण ते एकच समजतात. साधन मोडतं, ही स्प्रिंग. साधन जागेवर नसतं: कात्री हरवली, बाकी सगळी तयारी नुसती पडून. तिसऱ्यात वस्तू धड असते, हरवलेलीही नसते, फक्त वाटेत येते: दोन ओळींमध्ये कुणीतरी क्रेट रचून ठेवलेत. तिन्ही वेळा एरवी न दिसणारं जाळं क्षणभर उघडं पडतं. प्रकरणाचा जीव तिथे आहे. 'मोडलं की कळतं' एवढ्यावर थांबलात तर १८ कोरडं वाटेल.

विनाकर्ता: कलम २७ मधल्या 'डास मान'चं भाषांतर सर्रास 'लोक' करतात, म्हणजे 'लोक काय म्हणतील' मधले. तिथे घोळ होतो. त्या लोकांत मी नसतो, 'डास मान'मध्ये मीही असतो. मराठीत याला नेमकी जागा आहे, कर्ता नसलेलं क्रियापद: 'असं करत नाहीत', 'असं बोलायचं नसतं'. कोण करत नाही? कुणीच नाही आणि सगळेच. आणि हे वाचताना फ्रेंच अस्तित्ववादी सार्त्र बाजूला ठेवा. त्याचा मोठा ग्रंथ १९४३ चा, आणि १९४७ मध्ये छापलेल्या पत्रात हायडेगरने त्याच्या अस्तित्ववादापासून स्वतःला स्पष्ट वेगळं काढलंय.

गोदाकाठ: समासाच्या आकड्यांनीच निम्मं भांडण मिटलं. एक राहिलं. आमच्यातला एक जण झॉर्ग आणि आंग्स्ट या दोन्ही जर्मन शब्दांना 'काळजी' म्हणतो.

जुनी_पेठ: नको. झॉर्गला 'काळजी' चालेल, पण 'काळजी घेणं' मधली. 'काळजी वाटणं' मधली नव्हे. कलम ४१ मध्ये ते डाझाइनच्या सगळ्या रचनेचं नाव आहे, भावनेचं नाही. आंग्स्ट वेगळं. भीतीला 'कशाची?' विचारलं की उत्तर मिळतं: कुत्र्याची, निकालाची. आंग्स्टला मिळत नाही. कलम ४० मध्येच हायडेगर म्हणतो की ते ओसरल्यावर माणूस म्हणतो, तसं काही नव्हतं. आपलं 'काही नाही, उगाच' ते हेच. फक्त तो त्या 'काही नाही'ला टाळत नाही, धरून ठेवतो.

छाटणी_ऑक्टोबर: घाईत १२ गाळू नका, आख्खं पुस्तक तिथल्या 'मध्ये असणं'वर उभं आहे. पेल्यात पाणी असतं. आणि 'पोरगा काय करतो?' विचारलं की आपल्याकडे उत्तर येतं, 'द्राक्षात आहे'. या दोन 'त'मधला फरक चौघांनी आपापल्या शब्दांत कागदावर लिहा, मगच १५ उघडा.