मदत हवी आहे : देवीची लस आधी द्यावी की साठवून ठेवावी?

देवीचे निर्मूलन १९८० मध्ये जाहीर झाले आणि नियमित लसीकरण थांबले. त्यामुळे हा विषाणू कोणी जाणूनबुजून पसरवल्यास नंतरच्या पिढ्यांपाशी जवळजवळ काहीच संरक्षण नसेल, याची मला मनापासून चिंता वाटते. संसर्गानंतर साधारण ४ दिवसांत लस दिली तरी आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो, म्हणून साठा राखून रुग्णाच्या संपर्कातील व्यक्तींना तातडीने लस देणे मला अधिक योग्य वाटते. परंतु निदानालाच उशीर झाला तर? अमेरिकेत २००३ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना आगाऊ लस देताना काहींच्या हृदयाला सूज आली होती. एमव्हीए-बीएन या नव्या लसीतील विषाणू मानवी शरीरात वाढत नाही; मग पहिल्या फळीतील कर्मचाऱ्यांना ती आधीच द्यावी का, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.