आउटरीचसाठी वेगळा पाळक हवा की नको?

धागाकर्ती:
शहरातल्या मंडळीनं, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, समाजकार्यासाठी (आउटरीचसाठी) स्वतंत्र पाळक, म्हणजे पास्टर, नेमावा, असं माझं ठाम मत आहे. मुख्य पाळकांचा आठवडा उपदेशाची तयारी, आजाऱ्यांच्या भेटी, लग्नं, अंत्यविधी आणि पंचांच्या बैठका यांतच जातो. उरल्यासुरल्या वेळात होतं ते फक्त वाटप: नाताळात ब्लँकेटं, शाळा सुरू होताना वह्या.

नव्या पाळकानं पहिले तीन महिने एकही उपक्रम सुरू करू नये. चर्चपासून पायी पंधरा मिनिटांत जाता येईल एवढा टापू पिंजून काढावा. शाळेच्या मुख्याध्यापिका, दवाखान्यातल्या नर्स, रात्रपाळीचे रखवालदार या सगळ्यांना दोनच प्रश्न विचारावेत: इथे काय कमी पडतंय, आणि ते आधीपासून कोण करतंय? दुसरा प्रश्न राहून गेला की एकाच गल्लीत तीन मोफत शिकवण्या उभ्या राहतात आणि व्यसनमुक्तीसाठी कुठे जायचं हे कुणालाच सांगता येत नाही.

कोषाध्यक्ष:
ताई, मला हे पटत नाही. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय 6 काढा. रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली, तेव्हा बारा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, वचनाची (देवाचा शब्द सांगण्याची) सेवा सोडून पंगत सांभाळायला नकार दिला आणि मंडळीला सात जण निवडायला सांगितलं. म्हणजे हे काम डीकनांचं, मंडळीतून सेवेसाठी निवडलेल्या माणसांचं; पाळकाचं नाही.

पगारी माणूस आला की मंडळी हात झटकते. ‘पास्टर बघतील’ हे एकदा सुरू झालं की स्वयंसेवक गळतात, आणि समाजकार्याच्या निधीतला मोठा वाटा त्या एका पगारात जातो. स्कॉटलंडमधले पाळक थॉमस चाल्मर्स यांनी 1819 पासून ग्लासगोच्या सेंट जॉन्स पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) 25 भाग पाडले आणि प्रत्येक भाग एकेका डीकनकडे सोपवला. गरिबांसाठीच्या सरकारी मदतीला त्यांचा विरोध होता, तो भाग मी घेणार नाही. पण ठरावीक घरं ठरावीक माणसाकडे, ही रचना आजही चालते.

धागाकर्ती:
तोच अध्याय पुढे वाचा ना. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप गेलं, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. आपल्या किती समित्यांवर मदत घेणाऱ्या घरातलं कुणी बसतं? शिवाय त्या सातांपैकी स्तेफन आणि फिलिप्प पुढच्या दोन अध्यायांत वचनच सांगताना दिसतात. पंगत आणि वचन यांच्यात तुम्ही घालता तेवढी उंच भिंत तिथे नाही.

स्वयंसेवक समन्वयक:
पाळक नेमा किंवा नेमू नका, काम बिघडतं ते पैशाच्या टेबलावर आणि मुलांच्या खोलीत.

आधी पैसा. दाराशी आलेल्या माणसाला पाळकानं स्वतःच्या खिशातून रोख दिली की आठवड्याभरात रांग लागते, आणि कुणाला किती दिलं याची नोंद कुठेच नसते. आउटरीचचा निधी वेगळ्या खात्यात हवा आणि त्यावर नात्यात नसलेल्या दोघांच्या सह्या हव्यात. मदत शक्यतो थेट घरमालकाला, औषधाच्या दुकानाला किंवा शाळेला द्यावी. एका कुटुंबाला वर्षात किती वेळा, याची मर्यादा आधीच लिहून ठेवावी. नाहीतर जो जास्त रडतो त्याला जास्त मिळतं, आणि लाजरं माणूस दारातूनच परत जातं.

मुलांच्या बाबतीत तडजोड नाहीच. खोलीत कायम दोन मोठी माणसं, तीही एकाच घरातली नकोत. दाराला काच हवी. पडताळणी झाल्याशिवाय कुणालाही वर्ग देऊ नये, पाळकांच्या घरच्यांनासुद्धा. मुलानं छळाबद्दल काही सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि त्याच दिवशी कायद्यानं ठरवलेल्या यंत्रणेला कळवायचं. ‘आधी पंचांची बैठक घेऊ’ म्हणतात, तिथे मूल दुसऱ्यांदा असुरक्षित होतं.

सुवार्तिक:
सगळं बरोबर, पण मग सेवाभावी संस्था आणि मंडळी यांत फरक काय उरला? पाळक आहे तर सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगितलीच पाहिजे. वाटपाआधी दहा मिनिटं वचन ऐकवलं तर बिघडलं कुठे?

स्वयंसेवक समन्वयक:
बिघडतं, कारण भुकेलेला माणूस त्या दहा मिनिटांना ‘नाही’ म्हणू शकत नाही. आधी मदत, तीही बिनशर्त. प्रार्थना हवी असलेल्यांसाठी बाजूला वेगळी खोली ठेवावी, आणि तिथे गेलं काय, न गेलं काय, यादीतलं नाव तसंच राहावं. रांगेत उभ्या माणसाचे फोटो मंडळीच्या पत्रकात छापू नयेत. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (2:15-16) उघड्या-उपाशी भावाला नुसते गोड शब्द देऊन वाटेला लावणाऱ्यांची कानउघाडणी आहे. आपण भाकरीच्या आधी शब्द ठेवतो तेव्हा त्याच्या फार जवळ जातो.

सुवार्तिक:
बिनशर्त मदत मान्य. पण पाळकानं आपण कुणाच्या नावानं आलो हे लपवू नये, यावर मी ठाम आहे.

धागाकर्ती:
लपवू नयेच. दारावर चर्चची पाटी असतेच की.

कोषाध्यक्ष:
माझा विरोध कायम आहे, पण बहुमतानं नेमायचंच ठरलं तर नेमणूकपत्रात तीन अटी घाला. मुदत तीन वर्षांची. पहिल्या वर्षातच प्रत्येक कामाला मंडळीतला एक जोडीदार. आणि पाळक वार्षिक रजेवर असताना त्यांना एकही फोन करायचा नाही. त्या काळात काय काय अडलं, ते समन्वयकांनी वहीत लिहावं: किल्ली कुणाकडे होती, दवाखान्यातल्या कुणाशी बोलायचं, कुठल्या आजीबाईंकडे कुणीच गेलं नाही. पाळक परतल्यावर पहिल्या बैठकीत दुसरा कुठलाही विषय न घेता ही वहीच उघडावी.