नवीन जोडलेला संगणक: टकटक, शिट्टी आणि वूं-वूं. एसएमपीएस बदलून मागू का?

प्रश्न:

घरीच सुटे भाग आणून संगणक जोडला आहे. विंडोज टाकलं, तापमान ठीक आहे, कुठे अडत नाही. पण खोली शांत झाली की तीन वेगवेगळे आवाज येतात.

जोडणी अशी: पुढे १४० मिमीचे दोन पंखे, मागे १२० मिमीचा एक, प्रोसेसरवर एका पंख्याचा टॉवर कूलर, तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड, ७५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), एनव्हीएमई एसएसडी आणि साठवणीसाठी १२ टीबीची हार्ड डिस्क.

आवाज असे:
१) काही काम चालू नसताना दर पाचेक सेकंदांनी एक बारीक 'टक'.
२) गेम सुरू केला की मेन्यूमध्येच शिट्टीसारखं 'कुईंऽऽ'. खेळायला लागलं की कमी होतं.
३) सतत 'वूं... वूं...', लाटेसारखं वरखाली. साधारण दीड सेकंदाला एक लाट.

तिन्ही खालून, एसएमपीएसच्या बाजूने आल्यासारखे वाटतात. तो बदलून मागावा का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १:

एसएमपीएसच असणार. नवीन आहे तोवर बदलून घ्या, नंतर कोणी दाद देत नाही.

प्रतिसाद २:

वरच्याशी असहमत. पत्र्याच्या डब्यात आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही. जो पत्रा थरथरतो तिथूनच तो आल्यासारखा वाटतो. आवाज कशामुळे बदलतो ते बघा, जागा आपोआप सापडते. शिवाय हे तीन आवाज एकाच भागाचे असणं अवघड आहे.

आधी 'टक'. पंख्याच्या पात्याला वायर लागते का, हे सगळेच पहिलं तपासतात. तुमच्याकडे ते नाही, आणि ते उघडायच्या आधीच कळतं. ७०० आरपीएमने (मिनिटाला ७०० फेऱ्या) फिरणारा पंखा सेकंदाला जवळपास १२ फेऱ्या मारतो. पाती सात असतील तर वायरला सेकंदाला ऐंशीच्या वर फटके बसतील आणि 'फर्रर्र' ऐकू येईल. एकच पातं घासत असलं तरी सेकंदाला १२ ठोके, म्हणजे खडखडाट. पाच सेकंदांनी एक ठोका पंखा देऊच शकत नाही.

उरते हार्ड डिस्क. मोठ्या क्षमतेच्या काही डिस्क रिकाम्या बसल्या की दर पाचेक सेकंदांनी हेड (माहिती वाचणारं-लिहिणारं टोक) मुद्दाम हलवतात, एकाच पट्ट्यावर झीज होऊ नये म्हणून. तो दोष नाही, तशी रचनाच आहे. खात्री करायची तर संगणक पूर्ण बंद करा, मागचं बटण बंद करा, डिस्कची पॉवर आणि साटा (डेटाची) वायर काढा आणि पुन्हा चालू करा. टक थांबली तर डिस्कच.

मात्र 'खट-खट-खट' असे लागोपाठ ठोके, त्यासोबत फोल्डर उघडताना संगणक अडकणं किंवा डिस्क मधेच गायब होणं हे वेगळं प्रकरण. तेव्हा आधी डेटा दुसरीकडे हलवायचा, बाकी सगळं नंतर. आत्ताही एकदा 'स्मार्ट'ची (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींची) माहिती बघून ठेवा: ५, १९७ आणि १९८ या ओळींचा कच्चा आकडा शून्य हवा.

प्रतिसाद ३:

शिट्टीबद्दल. मेन्यूमध्ये जास्त आणि खेळताना कमी, यावरूनच कळतं की ही कॉइल व्हाइन आहे, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांच्या (कॉइलच्या) थरथरीची शिट्टी. मेन्यूचं चित्र काढायला सोपं, त्यामुळे कार्ड सेकंदाला हजारच्या वर फ्रेम काढत सुटतं. तितक्या वेळा विजेचा भार वरखाली होतो, कार्डावरच्या (कधी एसएमपीएसमधल्याही) कॉइल त्या तालावर थरथरतात, आणि तो ताल कानाला ऐकू येण्याच्या टप्प्यात पडतो.

ड्रायव्हरमध्ये जाऊन फ्रेमची मर्यादा ६० करा, मग १२०, मग मर्यादा काढून टाका. प्रत्येक वेळी सूर बदलला तर निदान पक्कं. कार्ड की एसएमपीएस हे बघायला कागदाची लांब सुरनळी करा, एक टोक कानाला आणि दुसरं बाहेरूनच, जाळीजवळ फिरवा. उपाय म्हणजे मॉनिटरच्या रिफ्रेश रेटइतकी फ्रेम मर्यादा आणि कार्डाचं अंडरव्होल्टिंग (त्याला थोडा कमी व्होल्टेज देणं). यातून कार्ड बिघडत नाही. कॉइलवर गोंद ओतायचे व्हिडिओ दिसतील, त्यांच्या नादी लागू नका, वॉरंटी जाईल.

प्रतिसाद ४:

वूं-वूं राहिलंच की! पुढच्या दोन पंख्यांची भांडणं आहेत ती.

पंख्याचा मुख्य सूर म्हणजे सेकंदाच्या फेऱ्या गुणिले पाती. सात पात्यांचा पंखा १००० आरपीएमवर साधारण ११६.७ हर्ट्झ देतो. शेजारचा १००६ वर असेल तर ११७.४. फरक ०.७ हर्ट्झ, म्हणजे दर १.४ सेकंदाला एक लाट. तुमची दीड सेकंदाची लाट इथे चपखल बसते. दोन्ही पंखे निर्दोष असतात, फक्त अगदी सारखे नसतात. एकाच स्प्लिटरवर (एका वायरीचे दोन फाटे) लावून उपयोग नाही. हुकूम एकच मिळाला तरी प्रत्येक मोटर थोडी आपल्या मनाने फिरते.

दोघांना मदरबोर्डवरच्या वेगवेगळ्या हेडरवर (पंखा जोडायच्या पिनांवर) लावा आणि वेग मुद्दाम लांब ठेवा, एक ९०० आणि दुसरा १०२०. लाट इतकी वेगवान होते की कान तिला लाट म्हणून ओळखत नाही.

आधी एक तपासा: बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पानावर) आरपीएमचा आकडाच वरखाली होतोय का? तसं असेल तर ही लाट नव्हे, प्रोसेसरच्या तापमानाच्या क्षणिक उड्यांमागे पंखा धावतोय. मग फॅन कर्व्हमध्ये (तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणारी सेटिंग) वेग बदलायला ३ ते ५ सेकंदांचा उशीर लावायचा.

प्रतिसाद २ (पुन्हा):

तपासताना एवढं पाळा. चालू संगणकात प्रोसेसरचा पंखा काढू नका. कार्डाच्या पंख्यात बोट घालू नका. आणि एसएमपीएस कधीच उघडू नका, वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. चालू-बंद करताना त्यातून एकदा 'खट्ट' आलं तर तो रिले असतो, त्यावरून नवा धागा नको. :)

प्रश्नकर्ता:

सगळं करून पाहिलं. डिस्कच्या वायरी काढल्यावर टक बंद. स्मार्टमध्ये तिन्ही आकडे शून्य. फ्रेम मर्यादेबरोबर शिट्टीचा सूर बदलतो, १२० वर जवळजवळ ऐकू येत नाही, आणि सुरनळीतून ती कार्डाकडूनच येते. बायोसमध्ये आरपीएम स्थिर होता. पंखे ९०० आणि १०२० वर ठेवले, लाट गेली.

आता शांत झाल्यावर नवीनच लक्षात आलं: हेडफोन लावून पान वरखाली केलं की त्यात बारीक 'चर्रर्र' येतं. माउस थांबला की तेही थांबतं. हीपण कॉइलच का?

प्रतिसाद ३:

नाही. कॉइल व्हाइन हवेतून कानात येते, हेडफोन काढला तरी ऐकू येते. तुमची चर्रर्र फक्त हेडफोनमध्ये आहे, म्हणजे आवाजाच्या वायरीत विजेचा गोंगाट शिरतोय. पुढच्या जॅकऐवजी मागच्या, मदरबोर्डवरच्या जॅकला लावून बघा. तिथे शांत असेल तर दोषी कॅबिनेटच्या पुढच्या पॅनेलची ऑडिओ वायर. ती बहुतेक कार्डाखालून, पॉवरच्या वायरींना चिकटून गेलेली असते. मदरबोर्डच्या मागच्या बाजूने, खालच्या कडेने न्या. मागेही येत असेल तर यूएसबीवर चालणारं छोटं साउंड कार्ड हा सोपा उपाय.

प्रश्नकर्ता:

मागच्या जॅकला पूर्ण शांत. वायर खरंच कार्डाखालून होती. मागून फिरवली, आता पुढेही आवाज नाही. एसएमपीएस बदलत नाही. डिस्कची टक मात्र ती बसवलेल्या पत्र्याच्या पिंजऱ्यामुळे मोठी वाटते, त्याला काही?

प्रतिसाद ४:

डिस्क आणि पिंजरा यांच्यामध्ये रबरी वॉशर, आणि त्यांना जुळणारे लांब स्क्रू. रबर चेपून सपाट होईल इतके आवळू नका, नाहीतर थरथर पुन्हा पत्र्यात उतरते. सगळं डिस्क पूर्ण थांबल्यावरच. फिरती डिस्क हलवायची नाही.