एका कंडक्टरने दोन खंडांतले ऑर्केस्ट्रा सांभाळावेत का?

मंद्रसप्तक:
फिनलंडचा कंडक्टर (ऑर्केस्ट्राचं वादन हातवाऱ्यांनी चालवणारा) क्लाउस मॅकेला याचा जन्म १९९६चा. २०२७पासून तो ॲम्स्टरडॅमची कॉन्सर्टखेबाउ आणि शिकागो सिम्फनी हे दोन ऑर्केस्ट्रा एकाच वेळी हाती घेणार. त्याच्या गुणवत्तेबद्दल माझी तक्रार नाही, दोन दगडांवर पाय ठेवण्याबद्दल आहे. ब्रिटिश कंडक्टर सायमन रॅटल पंचविशीत, १९८०मध्ये बर्मिंगहॅमला गेला आणि १९९८पर्यंत तिथल्याच ऑर्केस्ट्राचा मुख्य राहिला. त्या काळात ऑर्केस्ट्राचं नाव जगभर झालं, १९९१मध्ये शहराला नवं सभागृह मिळालं. ही कामं पाहुण्याच्या हातून होत नाहीत.

अटकेपार:
अजिबात पटलं नाही. झुबिन मेहतांनी १९६२ ते १९६७ मॉन्ट्रियल आणि लॉस एंजेलिसचे ऑर्केस्ट्रा दोन्ही सांभाळलेच ना? तेव्हा तेही पंचविशी-तिशीतच होते. मुळात संगीत संचालक, म्हणजे ऑर्केस्ट्राचा मुख्य कंडक्टर, वर्षातले मोजकेच आठवडे स्वतः उभा राहतो, बाकी कार्यक्रम पाहुणे कंडक्टर करतात. आणि वादक काही लहान मुलं नाहीत. बर्लिन फिलहार्मोनिकचे वादक तर आपला प्रमुख मतदानाने निवडतात. त्यांना वर्षभर हजेरी लावणारा माणूस नको असतो, कान तयार असलेला हवा असतो.

पडद्यामागे:
तुम्ही दोघंही ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटक, विसरताय. तिथे रंगमंचावरच्या तालमी आठवडेच्या आठवडे चालतात. गायिका तारस्वर धरून ठेवते, तेव्हा तिचा श्वास कुठे संपतोय हे कंडक्टर तिच्या खांद्यांवरून ओळखतो आणि रंगमंचाखाली बसलेल्या व्हायोलिनांना तेवढंच थोपवून धरतो. ही ओळख विमानातून उतरल्या उतरल्या होत नाही. कंडक्टर अँतोनियो पप्पानो पियानोवर गायकांच्या तालमी घेत वर आले आणि पुढे २००२ ते २०२४ लंडनच्या कव्हेंट गार्डन ऑपेराचे प्रमुख राहिले. त्यांचं वाग्नर आणि पुच्चिनी ऐकताना तो सराव जाणवतो. माझं मत मंद्रसप्तक यांच्या बाजूने.

अटकेपार:
पण तेच पप्पानो २००५पासून रोमच्या सांता चेचिलिया ऑर्केस्ट्राचेही प्रमुख होते! म्हणजे तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं निघालं.

पडद्यामागे:
मान्य, रोम होतंच. पण लंडनहून रोम दोन-अडीच तासांवर. मध्ये अटलांटिक आला की घड्याळही बदलतं आणि झोपही. शिवाय मुक्काम लंडनला होता, घर एकच होतं.

मंद्रसप्तक:
अटकेपार, संध्याकाळच्या कार्यक्रमापुरतं बोलाल तर तुमचं बरोबर आहे. मला काळजी आहे ती बाकीच्या कामाची. पहिल्या ओबोची (ओबो म्हणजे सनईसारखं वाद्य) जागा रिकामी होते, पडद्याआड उमेदवार वाजवतात, त्यातून एकाची निवड होते आणि तो पुढची तीस वर्षं ऑर्केस्ट्राच्या आवाजात राहतो. कंडक्टर किरिल पेत्रेंको बर्लिन फिलहार्मोनिकला आल्यावर वर्षभराने म्युनिक ऑपेरा सोडून मोकळे झाले, मला ते फार योग्य वाटतं. दोन पदं द्यायचीच असतील तर निदान या निवडींना हजर राहण्याची अट करारात घाला.

अटकेपार:
या अटीला माझी हरकत नाही. दोन पदांना मात्र माझा पाठिंबा कायम आहे.