केसपेपरचे दहा रुपये पुन्हा सुरू करावेत का?

प्रश्न : घाटमाथा

15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांमध्ये, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या आणि उपचार यांचे शुल्क बंद झाले. त्याआधी आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरला दहा रुपये पडत असत. माझी आई मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला तिथे जाते. गेल्या महिन्यात रजा काढून मी तिच्याबरोबर गेलो. साडेआठला नंबर लावला, डॉक्टरांपर्यंत पोहोचायला पावणेबारा वाजले आणि औषधाच्या खिडकीवर तीनपैकी एकच गोळी मिळाली. उरलेल्या दोन गोळ्यांची नावे कोऱ्या चिठ्ठीवर लिहून दिली होती. बाहेरच्या मेडिकलमध्ये त्यांचे दोनशे चाळीस रुपये झाले.

रांगेत माझ्यापुढे उभे असलेले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "हवे तर वीस रुपये घ्या, पण गोळ्या आत द्या." तेव्हापासून विचार करतो आहे की ज्यांना परवडते त्यांच्याकडून माफक शुल्क घेऊन ते पैसे त्याच रुग्णालयात वापरले, तर त्यात गैर काय? शिवाय 2023 च्या त्या निर्णयात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये नव्हती. तालुक्याला मोफत आणि मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात सशुल्क, या भेदामागचे तर्कशास्त्र कोणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद 1 : खारवी

मी शुल्काच्या बाजूचा आहे. आमच्याकडे "फुकट ते पौष्टिक" ही म्हण टोमणा म्हणून वापरतात आणि दवाखान्यात तो टोमणा रोज खरा ठरताना दिसतो. सर्दी झाली की चार दिवसांच्या गोळ्या न्यायच्या, दोन खायच्या आणि बाकीच्या देवळीत ठेवून द्यायच्या. नाममात्र का होईना, पैसे मोजले की माणूस गरजेपुरताच येतो आणि मिळालेल्या औषधाची किंमत ठेवतो. गरिबांना माफी द्यावी, बाकीच्यांनी द्यावेत.

प्रतिसाद 2 : जुनी खिडकी

मी बत्तीस वर्षे एका ग्रामीण रुग्णालयात लिपिक होतो आणि त्यातली नऊ वर्षे केसपेपरच्या खिडकीवर काढली. त्यामुळे या वादाकडे मी पावतीपुस्तकाच्या बाजूने पाहतो.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तेव्हाही माफी होती, परंतु ती मिळायची कार्ड दाखवल्यावर. कोणाचे पिवळे रेशनकार्ड घरी राहिलेले असे, कोणाचे भावाभावांच्या वाटणीत अडकलेले असे, आणि लग्न होऊन आलेल्या कित्येक मुलींचे नाव माहेरच्या कार्डावरून उतरलेले, पण सासरच्या कार्डावर चढलेले नसे. एका बाईने पदराची गाठ सोडून केसपेपरचे पैसे दिले, डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे सांगितला, आणि त्याचे वेगळे पैसे पडतील असे कळल्यावर "उद्या येते" म्हणून ती केसपेपर खिडकीवरच ठेवून गेली. तो कागद मी आठवडाभर ड्रॉवरमध्ये जपून ठेवला होता. ती आली नाही. दहा-वीस रुपये जड नसतात, हे पगारदाराचे गणित आहे. खेड्यातून आलेल्या माणसाने एस.टी.चे भाडे आधीच दिलेले असते, एका दिवसाची मजुरी बुडवलेली असते, आणि शुल्क या सगळ्यावर चढते.

आता दुसरी बाजू, कारण शुल्कमाफीचे कौतुक करणारे तिचा उल्लेख सहसा करत नाहीत. आमच्याकडे जमा होणारी रक्कम रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात जात असे. महिन्याकाठी ती फार मोठी नसे, पण हाताशी असे. जनरेटरचे डिझेल संपले, प्रसूतिकक्षातल्या इन्व्हर्टरची बॅटरी बसली किंवा सर्पदंशावरची इंजेक्शने संपत आली आणि वरून पुरवठा यायला वेळ होता, तर वैद्यकीय अधीक्षक त्या खात्यातून लगोलग खर्च करू शकत. वरिष्ठ कार्यालयाकडे मागणी पाठवून उत्तराची वाट पाहण्यात आणि यात किती अंतर आहे, हे ज्याने रात्री दोन वाजता डिझेलचा कॅन घेऊन पंप गाठला आहे त्यालाच कळेल. या समित्यांची कल्पनाच मुळी 1990 च्या दशकाच्या मध्यावर इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात शुल्काच्या पैशावर उभी राहिली आणि 2005 नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. शुल्काचा मोह प्रशासनाला का सुटत नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

शुल्क बंद झाले ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. मात्र त्याच्या जागी तितक्याच चटकन वापरता येईल असा निधी रुग्णालयाच्या हाती राहिला पाहिजे, नाहीतर खिडकीवर वाचलेले दहा रुपये समोरच्या मेडिकलमध्ये शंभर होऊन द्यावे लागतात. तुमच्या आईंचे दोनशे चाळीस रुपये हे माझ्या लेखी शुल्कच आहे. त्याला ना माफी, ना हिशेब.

प्रतिसाद 3 : लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. इथली सरकारी आरोग्यसेवा 5 जुलै 1948 रोजी सुरू झाली तेव्हा सर्व काही मोफत होते. 1951 मध्ये चष्मे आणि कवळ्या यांवर शुल्क लावण्याचे ठरताच ज्यांनी ही सेवा उभी केली त्या अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. 1952 मध्ये औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आले, 1965 मध्ये ते रद्द झाले आणि 1968 मध्ये परतले. पुढे वेल्स, उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंड यांनी ते काढून टाकले. इंग्लंडमध्ये ते अजून आहे आणि 2024 पासून दर औषधामागे 9.90 पौंड पडतात. साठी ओलांडलेले, मुले, गरोदर स्त्रिया, अल्प उत्पन्नाचे लोक अशा इतक्या सवलती आहेत की दहापैकी सुमारे नऊ औषधे शुल्काविनाच दिली जातात. उरलेल्या एका औषधासाठी अर्ज, दाखले, तपासणी आणि दंड यांचा सगळा डोलारा सांभाळावा लागतो.

त्या एकात कोण सापडते, तर सवलतीच्या रेषेच्या किंचित वर असलेला कामगार. तीन औषधांची चिठ्ठी काउंटरवर ठेवून "यातले कोणते नंतर घेतले तर चालेल?" असे विचारणारे गिऱ्हाईक मला नेहमी भेटते. गंमत अशी की डॉक्टरांना भेटणे इथे मोफत आहे, म्हणजे किरकोळ सर्दीवाल्याला हे शुल्क अडवत नाही आणि दम्याच्या रुग्णाला मात्र अडवते.

प्रतिसाद 4 : आकडेमोड

खारवी यांच्या मुद्द्यापुरते लिहितो. शुल्कामुळे अनावश्यक भेटी घटतात हे खरे आहे, पण त्यांच्याबरोबर आवश्यक भेटीही घटतात. अमेरिकेत 1970 च्या दशकात सुरू झालेल्या रँड संस्थेच्या मोठ्या विमाप्रयोगात खर्चाचा वाटा उचलावा लागणाऱ्या कुटुंबांनी उपयुक्त आणि निरुपयोगी अशा दोन्ही प्रकारच्या उपचारांत सारखीच कपात केली. आपण आजारी आहोत की नुसते थकलो आहोत, हे रुग्णाला कळले असते तर तो डॉक्टरकडे गेलाच नसता. केनियाच्या बुसिया भागातील शाळांत जंतांच्या गोळ्यांसाठी अगदी क्षुल्लक रक्कम मागितली गेली, तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांचे प्रमाण तीन चतुर्थांशावरून एक पंचमांशाच्या आसपास घसरले. जर्मनीने 2004 मध्ये दर तिमाहीस दहा युरो असे दवाखान्याचे शुल्क लावले. कारकुनी वाढली, अपेक्षित फरक पडला नाही, आणि 2012 च्या अखेरीस तिथल्या संसदेने ते एकमताने मोडीत काढले.

आपल्याकडे रुग्ण पुरेसे मोजत नाहीत असे कोणी समजू नये. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता. 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला आहे, तरीही तो मोठाच आहे.

प्रश्नकर्ता : घाटमाथा

सर्वांचे आभार. खिडकीकाकांचे बोलणे पटले. महाविद्यालयांच्या रुग्णालयांबद्दलचा माझा प्रश्न तसाच राहिला, पण तो मी वेगळा विचारीन. पुढच्या महिन्यात आईबरोबर जाईन तेव्हा त्या दोन गोळ्या साठ्यात केव्हापासून नाहीत आणि त्यांची मागणी केव्हा पाठवली, हे रुग्ण कल्याण समितीला लेखी विचारणार आहे. अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे द्यायचा की समितीच्या अध्यक्षांच्या, एवढे काकांनी सांगावे.

प्रतिसाद 5 : जुनी खिडकी

अधीक्षकांच्या नावे द्या. आवक-जावकच्या टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. बाहेरच्या मेडिकलचे बिल सोबत जोडा, आणि ती कोरी चिठ्ठी फेकली नसेल तर तिचीही झेरॉक्स लावा.